शाळा दिली, शाळा घेतली

नाना,

येत्या शनिवारनंतर तुमची मुलगी आपल्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून बसणार की नुसती प्रभारी म्हणून, हे या घडीला माझ्या पर्समध्ये आहे. आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ तुम्हाला आवडत नसे. पत्र मुद्द्यापासून सुरू करावं, हे नववीत तुम्हीच शिकवलंत. तर मुद्दा असा, की शनिवारी मी निवृत्त होते. संस्थेचा ठराव झाला आहे, सेवाज्येष्ठता यादीत माझ्यानंतर तुमच्या मुलीचंच नाव आहे, आणि तिच्या मान्यतेच्या प्रस्तावावर माझी सहीही झाली आहे. तो प्रस्ताव मी खुर्चीवर असेपर्यंत जळगावला शिक्षण विभागात पोचला पाहिजे, एवढंच उरलंय. नाही पोचला तर माझ्या सहीला रविवारपासून कोणी विचारणार नाही. मग पुन्हा नवे कागद, नवी बैठक, नवा ठराव, आणि तोवर ती प्रभारी. हा ‘तोवर’ किती लांबवता येतो ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी ही गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी नववीत असताना तुम्ही मला वर्गात उभं केलं होतं, ते आठवतं का? गावच्या देवीच्या यात्रेवर निबंध होता. मी लिहिलं होतं, ‘मंदिरात एक पुजारी ठेवला आहे.’ तुम्ही वही हातात घेऊन सगळ्या वर्गाला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलंत. मग म्हणालात, “ठेवतात ते सालदार. पुजाऱ्याला नेमतात. महंताला गादीवर बसवतात. शिष्याला दीक्षा देतात. राजाला अभिषेक करतात. तलाठ्याची नेमणूक होते आणि तो रुजू होतो. माणसाला जागा देताना शब्द जपून वापरायचा. शब्द हलका पडला की माणूस हलका होतो.” पोरं हसत होती, माझे कान तापले होते. पण घरी जाताना गिरणेच्या पुलावर मी ते सगळे शब्द एकेक करून म्हणत गेले. मला ते फार आवडले होते. तेव्हा मला वाटलं, हा माणूस कोणाला हलका शब्द देणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला असं वाटू शकतं, त्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय.

पुढे मी शिकले, बी.एड. केलं, आणि तुम्हीच मला शाळेत घेतलंत. ते नाकारत नाही. रुजू झाले त्या दिवशी तुम्ही स्वतःचा जुना शब्दकोश मला दिलात, पाठ निखळलेला, कडेने तुमच्या बारीक अक्षरात टिपणं केलेला. तो अजून माझ्याकडे आहे. त्याच श्रावणात तुम्ही मला तुमच्या घरी कानबाईच्या सणाला बोलावलंत. त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा आले होते. एका चुलीवर गंगाफळाची भाजी शिजत होती, अक्का खाली बसून रोटांसाठी गहू मोजत होत्या. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, तुम्ही दारात उभे राहून नावं सांगत होतात. तुमचं नाव, तुमच्या भावांची, तुमच्या मुलाचं, धाकट्या भावाच्या घरी महिन्याभरापूर्वी झालेल्या, अजून नावही न ठेवलेल्या मुलाचं नुसतं ‘बाळ’ म्हणून. तुमची मुलगी तेव्हा आठेक वर्षांची होती. ती आईच्या, अक्कांच्या, गुडघ्याला टेकून प्रत्येक मूठ बघत होती. सगळ्या मुठी झाल्यावर तिने विचारलं, “आनि मनी मूठ?”

तुम्ही म्हणालात, “तुनी मूठ तुना सासरले मोजतीन.”

ती रडायला लागली. अक्का म्हणाल्या, “सनना दिन पोरले कसाले रडावतस?” तुम्ही हसलात. सासरीही सुनांच्या नावाची मूठ कोणी धरत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, अक्कांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आणि मीही हसले, नाना. नवी नोकरी होती, साहेबांचं घर होतं, साहेब हसले म्हणून हसले.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि यादीत माझं नाव वर होतं. आपल्या शाळेची रीत मला माहीत होती. जाणारा मुख्याध्यापक सगळ्या शाळेसमोर येणाऱ्याला कुंकवाचा टिळा लावतो, ताटात किल्ल्या, शिक्का आणि जनरल रजिस्टर ठेवून ते ताट त्याच्या हातात देतो, आणि मोठ्याने म्हणतो, “शाळा दिली.” येणारा म्हणतो, “शाळा घेतली.” मग पेंटर येतो आणि ऑफिसातल्या काळ्या फळीवर नवं नाव लिहितो. मी त्या दिवसासाठी मोरपंखी साडी काढून ठेवली होती. आदल्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. टेबलाचा खण उघडून किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे सरकवलात, हातात दिलाही नाहीत. वर्गात तुम्ही कायम शुद्ध बोलत होतात. तुम्ही अहिराणीवर आलात की मला कळायचं, आता काहीतरी मागणार. “तवलोंग तू सांभाय, बेटा,” तुम्ही म्हणालात. “पोऱ्या तयार व्हई तवलोंग.” तुमचा मुलगा तेव्हा धुळ्याला कॉलेजात होता. दिली नाही, नेमलं नाही, बसवलं नाही. सांभाळ. शेजारच्या बाईला घराची किल्ली देताना म्हणतात तसं. ज्याने मला ‘ठेवला’ आणि ‘नेमला’ यातला फरक शिकवला, त्याने हा शब्द चुकून वापरला असेल, असं मी स्वतःला सांगूच शकले नाही. शब्द तुम्ही कधीच चुकून वापरत नव्हतात.

नऊ वर्षं मी शाळा सांभाळली. रबरी शिक्का करून आणला, त्यावर ‘प्रभारी मुख्याध्यापक’. गावातल्या एका सबंध पिढीच्या दाखल्यांवर तो शिक्का आहे. तुम्ही दिलेल्या शब्दकोशात मी एकदा तो शब्द काढला. ज्याच्यावर भार सोपवला आहे तो, असं काहीसं होतं. भार होताच. छपराचे पत्रे उडाले तेव्हा होता, दहावीच्या केंद्रावर होता, भडगावला दर महिन्याच्या सभेला जाताना होता. तुम्ही संस्थेचे सचिव म्हणून दर सोमवारी येत होतात आणि तुमच्या जुन्या खुर्चीत बसत होतात. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, पालक बसतात त्या खुर्चीत. दरवर्षी मी विचारायची, सर, माझ्या मान्यतेचं काय. दरवर्षी तुमचं एकच उत्तर. “कानबाई व्हई जाऊ दे, मंग देखू.” कानबाईचा नारळ बसायचा, रोट व्हायचे, सोमवारी वाजत गाजत विसर्जन व्हायचं. मंगळवारी मी पुन्हा विचारत नसे. ही माझी चूक, आणि ती आपल्याकडच्या माणसांचीच चूक आहे. देवीचं नाव पुढे केलं की आपण थांबतो. नऊ श्रावण मी एका नारळाच्या आड उभी राहून वाट बघितली.

मग तुमचा मुलगा तयार झाला. धुळ्याहून बी.एड. करून आला होता, पाच वर्षं आपल्याच शाळेत शिकवून झाली होती, माझ्याच हाताखाली. पण यादीत मी त्याच्या वर होते, म्हणून माझ्याकडून लिहून घ्यायला हवं होतं. तो दिवस मला अजून समोर दिसतो. दुपारची सुट्टी झालेली आहे, मैदानावर पोरं ओरडतायत, तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून सांगताय आणि मी फुलस्केपवर लिहितेय. ‘मी कौटुंबिक अडचणींमुळे मुख्याध्यापक पदावरील माझा हक्क स्वखुशीने सोडत आहे.’ मला कोणतीही कौटुंबिक अडचण नव्हती. मी ‘स्वखुशीने’ लिहिताना थांबले, तेव्हा तुम्हाला वाटलं, शब्द अडला. तुम्ही तो सुटा सुटा करून सांगितलात. इतकी वर्षं लोक विचारतात, तू लिहिलंस कशाला? कारण तुम्ही सांगत होतात आणि मी लिहून घेत होते. तुमच्यासमोर बसल्यावर मला दुसरं काही येतच नव्हतं.

आणि त्यानंतरचा सोमवार. सगळी शाळा मैदानात. खरं तर कार्यभार माझ्याकडे होता, ‘शाळा दिली’ मी म्हणायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, प्रभारीने द्यायची रीत नाही. ताट मात्र माझ्या हातात दिलंत. मी ताट धरून उभी होते, त्यात माझ्याच किल्ल्या, आणि तुम्ही मुलाला टिळा लावलात. तुमचा आवाज किती मोठा होता. मागच्या चिंचेपर्यंत ऐकू गेला असेल. “शाळा दिली.” तुमच्याजवळ होतीच कुठे शाळा, नऊ वर्षांपूर्वी सोडलेली? पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुमची मुलगी तेव्हा नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती, ती ओळीच्या टोकाला उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही. मला वाटलं, तिचे हात मोकळे नसतील.

दोन दिवसांनी फळीवर मुलाचं नाव आलं. त्याच्या वरच्या ओळीत तुमचं नाव होतंच, फक्त त्यापुढचं साल बदललं होतं. माझी नऊ वर्षं तुम्ही तुमच्या नावावर घेतली होती. रंग ओला होता. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं, बोटाला पांढरा रंग लागला, आणि तो संध्याकाळपर्यंत मी धुतला नाही. त्या दिवशी मी तुमचा सूड घ्यायचं ठरवलं. हे आज पहिल्यांदा लिहितेय. आयुष्यभर लोक मला सोशिक म्हणत आले, आणि मी त्यांना म्हणू दिलं, कारण सोशिक माणसावर कोणी लक्ष ठेवत नाही.

तुम्ही शेवटच्या दिवसांत जळगावात मेहरूणला मुलाच्या फ्लॅटवर होतात, तेव्हा मी भेटायला आले होते. तुम्हाला वाटलं असेल, माया म्हणून आली. मी एक वाक्य घ्यायला आले होते. खोलीत तुम्ही आणि मीच होतो. तुम्ही विचारलंत, “शाया कशी शे?” म्हटलं, चांगली आहे. मग खिडकीकडे बघून म्हणालात, “तू चांगली सांभायी.” पुन्हा तेच. मरतानाही तुमची शब्दांवरची पकड सुटली नव्हती. मी मोसंबी सोलून तुमच्या हातात ठेवली आणि उठले. तुमच्या दहाव्याला आले, जेवले, अक्कांच्या गळ्यात पडून रडलेही. ते रडणं खोटं नव्हतं, पण ते तुमच्यासाठी नव्हतं.

तुमच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यालाही शाळा नकोच होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? मी लिहून दिलेलं त्या वेळेपुरतं होतं, मग यादीत पुन्हा मीच. संस्थेचे नवे अध्यक्ष तरुण आहेत, तुमचा मुलगा त्या दिवशी आला नाही म्हणून त्यांनीच रीतीप्रमाणे सगळं केलं. टिळा, ताट, आणि ‘शाळा दिली’ त्यांनी चिठ्ठीवर बघून म्हटलं. मी ‘घेतली’ म्हटलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मला काहीच वाटलं नाही, नाना. ते दोन शब्द मला ज्या आवाजात हवे होते तो आवाज आता कुठे मिळणार नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी पेंटरला बोलावून फळी दुरुस्त करून घेतली. तुमचं साल मागे घेतलं, मध्ये माझं नाव घातलं, पुढे कंसात ‘प्रभारी’. पेंटरने विचारलं, “बाई, कंस ऱ्हाऊ देऊ का काढू?” म्हटलं, राहू दे, खोटं मला लिहायचं नाही. किती वर्षं मी त्या दिवसाची वाट बघितली होती. पण ती फळी कोणी वाचत नाही. स्टाफमधल्या एकालाही फरक कळला नाही. माझा सूड मधल्या सुट्टीपर्यंतही टिकला नाही.

मग यादीतलं पुढचं नाव माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून तीन वर्षं मी तुमच्या मुलीकडे बघतेय. ती चांगली शिकवते, हे लिहायला मला आवडत नाही. वर्गात शब्द फोडून सांगते, अगदी तुमच्यासारखा. तुमचंच नाक, उभं राहण्याची तुमचीच ढब. मी मनात तालीम करत आले. कोणत्या खुर्चीत बसायचं, किल्ल्या किती सरकवायच्या, कोणत्या भाषेत बोलायचं.

गेल्या बुधवारी मी तिला ऑफिसात बोलावलं. तिला वाटलं, प्रस्तावाची स्थळप्रत द्यायला बोलावलंय. ती उभीच होती. मी खण उघडला, जुडगा टेबलावरून तिच्याकडे सरकवला, अर्ध्यावर थांबवला, आणि म्हटलं, “तवलोंग तू सांभाय, बेटा.” तुमचाच सूर मी लावला होता. माझी अपेक्षा होती की ती विचारेल, तवलोंग म्हणजे किती? प्रस्ताव गेला का? तिचा चेहरा पडेल, आणि तो तुमचाच चेहरा असेल, आणि मी तो डोळे भरून बघेन.

तिने किल्ल्या उचलल्या. म्हणाली, “हा बाई. माले सवय शे.” आणि तासाची घंटा झाली होती म्हणून सातवीच्या वर्गावर निघून गेली.

रागाने नाही म्हणाली. रुमाल घरी राहिला, असं सांगावं तितक्या सहज म्हणाली. मी तिथेच बसून राहिले, आणि मला अक्कांच्या गुडघ्याला टेकलेली ती आठ वर्षांची पोर दिसली, आणि तिच्या समोर हसणारी मी. ओळीच्या टोकाला टाळ्या न वाजवणारे तिचे हातही आठवले. मला वाटत होतं, तुम्ही एकट्या माझ्यावर अन्याय केलात. तुमच्या घरात तो माझ्या आधीपासून चालू होता, रोज, जेवणाबरोबर. सूड घ्यायला मी तुमच्या घरातलं जे माणूस निवडलं, त्याला तुम्ही माझ्याआधीच निकामी करून ठेवलं होतं. तेवढंही तुम्ही माझ्यासाठी शिल्लक ठेवलं नाहीत. याचा मला जास्त राग आला, की लाज वाटली, ते मला अजून धड सांगता येत नाही.

लाज वाटली असती तर मी त्याच दिवशी जळगावची एसटी धरली असती. धरली नाही. प्रस्ताव पर्समध्ये ठेवला. रोज शाळेत नेते, टेबलावर पर्स उघडी ठेवते, निळ्या फाइलचा कोपरा दिसेल अशी. ती हजेरी ठेवायला येते, तो कोपरा बघते आणि वर्गावर जाते. काल विचारलं नाही, आजही विचारलं नाही. दुपारी तिने मला घरचा डबा दिला, दाळगंडोरी होती, अक्का करायच्या तशीच. मी खाल्ली.

उद्या सकाळी मी जळगावला जाणार आहे. फाइल आवक खिडकीवर देईन, पोच घेईन, पोचेची प्रत तिच्या हातात ठेवीन, सरकवणार नाही. शनिवारी सगळ्या शाळेसमोर तिला टिळा लावीन आणि ‘शाळा दिली’ असं म्हणेन, चिंचेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. हे तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी मी गिरणेच्या पुलापर्यंतही चालणार नाही. अक्कांच्या स्वयंपाकघरात तिच्या नावाची मूठ धरली गेली नाही आणि मी हसले, त्यापोटी जेवढं परत करता येईल तेवढं करते आहे. हे पत्र तुमच्याच शब्दकोशात ठेवून देईन, तो आता माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. पर्समध्ये ती फाइल घेऊन फिरण्याचे हे आठ दिवस मला फार सुखाचे गेले, नाना. उद्या ते संपणार, याचं वाईट वाटतंय.